घोडीवरचा दोरा

आईचा तानपुरा महिनाभर मुक्यासारखा वाजत होता. तारा नव्या, खुंट्या घट्ट, भोपळ्याला कुठं तडा नाही. पण छेडला की ‘टण्ण’ करून गप्प. तार सोडून दिल्यावरही आवाज खोलीत भरून राहावा, म्हणून तर माणूस तानपुरा जवळ घेतो. नेमकं तेच होत नव्हतं. आईला हल्ली कमी ऐकू येतं. कुकरच्या शिट्ट्या तिच्या हिशेबात हमखास एक कमी भरतात. तरी पहिल्या दिवशीच तिनं निदान केलं, ‘‘जवारी गेलीय. मिरजेला घेऊन जा.’’ जवारी म्हणजे तारेचा तोच भरून राहणारा झणकार.

सांगलीहून मिरज म्हणजे काही प्रवास नव्हे, पण गोधडीत गुंडाळलेला तानपुरा घेऊन सिटी बसमध्ये चढायची माझी छाती नाही. रिक्षा केली. विश्रामबागच्या पुढं खड्डा आला की मी भोपळ्याखाली हात घालायचो आणि रिक्षावाला आरशातून बघायचा. शेवटी त्यानं विचारलंच, ‘‘पेशंट हाय काय?’’ त्याची चूक नव्हती. मिरजेच्या वाटेवर एवढं जपून नेतात ते पेशंटलाच.

सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात आढ्याला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले असतात आणि खाली लाकडाचा भुसा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात त्यामुळं काही बदललेलं दिसलं नाही. तिथल्या कारागीर चाचांनी तारा सैल केल्या, घोडी, म्हणजे तारांखालची हाडाची पट्टी, उजेडात धरली. ‘‘हे बघा सर. तारेनं खाच पाडलीय.’’ केसाएवढी रेघ होती. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग परत तार चढवायची, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. असं दीड तास. मी न राहवून म्हणालो, ‘‘चाचा, तार तीन फुटांची, आणि तुम्ही सगळा वेळ या दोन बोटं रुंद हाडाशी खेळताय.’’

‘‘तार कितीबी लांब असू दे सर,’’ मान वर न करता ते म्हणाले, ‘‘बोलायचं ते हितंच बोलती.’’

हेच मला तीस वर्षांपूर्वी एका आलेखानं सांगितलं होतं, आणि तेव्हा ते कळायला आख्खा आठवडा गेला होता.

कोल्हापूरला एम.एस्सी. करत असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जुन्या शोधनिबंधाची झेरॉक्स हाती लागली. अणूवरचं विद्युतक्षेत्र वाढवत नेलं की त्याच्या ऊर्जापातळ्या कशा सरकतात, त्याचे नकाशे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डॅनिएल क्लेपनर यांच्या गटानं ते १९७९ मध्ये छापले होते. हायड्रोजनचा आलेख सरळ रेघांचा. एकेका बिंदूतून रेघा पंख्यासारख्या पसरलेल्या, एक पंखा दुसऱ्यात घुसलेला, रेघा एकमेकींना बेलाशक छेदून गेलेल्या. सोडियमचा आलेख बघितला तर तेच पंखे, पण जिथं दोन रेघा भेटायला हव्यात तिथं त्या शेवटच्या क्षणी अंग चोरून वळलेल्या. मला आधी वाटलं, झेरॉक्स हलली.

हा साधा सोडियम नव्हे. साधा सोडियम आपल्या स्वयंपाकघरात असतो. आमटी उतू जाते, गॅसची निळी ज्योत पिवळी होते, ते पिवळं म्हणजे मिठातल्या सोडियमचं सगळ्यात बाहेरचं इलेक्ट्रॉन. ते एक पायरी वर चढतं आणि घसरून खाली येतं, तेवढ्यात ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतं. प्रयोगशाळेत हीच पहिली पायरी लेसरनं चढवतात, आणि ते खाली यायच्या आत दुसरा, सुमारे ४१० नॅनोमीटरचा जांभळा लेसर मारतात. मग ते तिसाव्या, पन्नासाव्या, शंभराव्या मजल्यावर जाऊन बसतं. या मजल्याच्या आकड्याला एन म्हणतात. अणूचा आकार एनच्या वर्गानं वाढतो, म्हणजे एन १०० असेल तर अणू दहा हजार पट मोठा. त्याचा व्यास साधारण एक मायक्रोमीटर भरतो. एक अणू एका जिवाणूएवढा! (वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचा मोबाईलही दोन सेकंद खाली जातो.)

अशा अणूंना रिडबर्ग अणू म्हणतात, स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या योहानेस रिडबर्ग यांच्यावरून. त्यांच्या आधी १८८५ मध्ये योहान बाल्मर यांनी हायड्रोजनच्या चार रेषांचं गणित जुळवलं होतं. बाल्मर बाझलमधल्या मुलींच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळं माझा त्यांच्याकडं थोडा ओढा आहे. १८८८ मध्ये रिडबर्ग यांनी इतर मूलद्रव्यांनाही लागू पडणारं सूत्र काढलं. त्यात एक मजा होती. हायड्रोजनला १, २, ३ असे पूर्णांक चालतात. सोडियमला मात्र एनमधून थोडं वजा करावं लागतं. अणुकेंद्राजवळून जाणाऱ्या कक्षांसाठी ही वजावट १.३५, त्याहून गोल कक्षांसाठी ०.८६, आणखी गोल झाल्या की जवळजवळ शून्य.

वजावट कशाची? सोडियमच्या मध्यभागी नुसतं केंद्र नसतं, केंद्राभोवती दहा इलेक्ट्रॉनांचा गाभा असतो. लांबून पाहिलं तर अकरा धन आणि दहा ऋण मिळून एकच भार दिसतो, अगदी हायड्रोजनसारखा. पण लंबुळक्या कक्षेतलं इलेक्ट्रॉन परतताना या गाभ्यात बुडी मारतं आणि तिथं त्याला जास्त ओढ लागते. आणि मला त्या आठवड्यात ज्यानं झोपू दिलं नाही ते हे, की ही वजावट एन बदलला तरी जवळपास तेवढीच राहते. दहाव्या मजल्याला १.३५, शंभराव्यालाही १.३५. इलेक्ट्रॉन हजारो पट दूर फिरून येतं, गाभ्यात त्याचा वेळ जातो तो जवळजवळ नसल्यासारखा, आणि तरी त्याच्या सगळ्या पातळ्या तिथून ठरतात.

घोडी म्हणतात ती हीच.

पण घोडीपर्यंत जायच्या आधी तार किती सैल असते ते सांगायला हवं. साध्या हायड्रोजनचं इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. एन १०० ला त्याचा दहा हजारावा भाग पुरतो. खोलीच्या भिंतींतून जी ऊब बाहेर पडते, तिनंसुद्धा ते एका पायरीवरून दुसरीवर ढकललं जातं. टॉर्चमध्ये घालतो तसे दोन सेल जोडा, सेंटिमीटरभर अंतरावरच्या दोन पट्ट्यांना लावा. तीन-सव्वातीन व्होल्टमध्ये हा अणू फाटतो. फाटण्यासाठी लागणारं क्षेत्र एनच्या चौथ्या घातानं कमी होत जातं. स्वच्छ हवेच्या दिवशी जमिनीजवळ मीटरला सुमारे १०० व्होल्ट क्षेत्र आपोआप असतं, आपल्या अंगावरून रोज जातं, कळतही नाही. एन १३५ च्या पुढच्या अणूला ते निरभ्र आकाशसुद्धा झेपणार नाही.

फाटतो म्हणजे काय होतं, हे सांगलीकराला समजावून द्यावं लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इथं धोका पातळी ४५ फुटांची. आम्ही नदीकडं डोळे लावून बसलो होतो आणि पाणी आलं ते पाठीमागच्या ओढ्यातून. काठ ओलांडायची त्याला गरज नव्हती, कुठंतरी एक सखल जागा पुरली. (आधी तानपुरा माळ्यावर गेला, मग आई, मग राहिलेलं सामान. क्रम आईनं ठरवला होता.) अणूभोवती इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारी एक विहीर असते. बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं की तिचा एका बाजूचा काठ खचतो, आणि त्या बाजूला एक सखल जागा तयार होते. इलेक्ट्रॉनची पातळी तिच्याहून वर असली की वाट मोकळी.

क्षेत्रात अणूच्या रेषा फुटतात हे योहानेस श्टार्क यांनी १९१३ मध्ये दाखवलं. इटलीत आंतोनिनो लो सुर्दो यांनाही त्याच वेळी दिसलं होतं. श्टार्क यांना १९१९ चं नोबेल मिळालं. पुढं ते नाझींच्या कच्छपी लागले आणि आइनस्टाइनच्या भौतिकशास्त्राला ज्यूंचं म्हणून झोडपत राहिले. हे मी वर्गात सांगतोच, अभ्यासक्रमात नसलं तरी.

तर फुटणं. एन ३० चं एक कुटुंब घ्या. क्षेत्र शून्य असताना हायड्रोजनमध्ये या सगळ्या पातळ्या एकाच जागी बसलेल्या असतात. क्षेत्र वाढवलं की त्यांचा तीस काड्यांचा पंखा उघडतो. काही काड्या वर चढतात, काही उतरतात. चढणाऱ्या पातळीत इलेक्ट्रॉनचा मुक्काम सखल जागेच्या उलट बाजूला असतो, उतरणाऱ्या पातळीत सखल जागेच्या बाजूला. सेंटिमीटरला सत्तर व्होल्टच्या आसपास हा पंखा शेजारच्या पंख्याला टेकतो, आणि मघाचा प्रश्न उभा राहतो, की दोन काड्या भेटल्या तर करायचं काय.

हायड्रोजनमध्ये काहीच होत नाही. सांगलीच्या एसटी स्टँडवर दोन अनोळखी माणसं खांद्याला खांदा घासून जावीत तशा त्या जातात. हायड्रोजनच्या गणितात एक जादा सममिती आहे, ती या काड्यांना एकमेकींची ओळखच होऊ देत नाही. सोडियममध्ये गाभा असतो. प्रत्येक फेरीत इलेक्ट्रॉन तिथं क्षणभर टेकतं, आणि त्या टेकण्यात एका काडीची हालचाल दुसरीत झिरपते. ओळख झाली की सरळ छेदून जाता येत नाही. मग रेघा वळतात.

फरक नुसता कागदावरचा नाही. हायड्रोजनमधली चढणारी पातळी सखल जागेच्या उंचीवर गेली तरी इलेक्ट्रॉन पळत नाही, कारण ते उलट्या बाजूला राहतं. पाणी वर आहे, वाट आहे, पण वाट माहीत नाही. त्याला फाडायला बरंच जास्त क्षेत्र लागतं. सोडियममध्ये तेच इलेक्ट्रॉन गाभ्याला टेकत टेकत उतरणाऱ्या काडीत शिरतं, आणि सखल जागेच्या जरा वर गेलं की लवकरच बाहेर. त्याला वाट दाखवतो तो गाभाच.

मी दुकानात बसून हे आठवत होतो आणि चाचांनी एक गोष्ट केली. दोरा बसला, तसं त्यांनी जोडीची, म्हणजे षड्जाची, तार बरोबर मध्यावर छेडली. पुस्तकाप्रमाणं तार मध्यावर छेडली तर तिचा दुसरा स्वर, वरचा षड्ज, उमटता कामा नये, कारण त्या स्वरासाठी मध्य हा स्थिर बिंदू असतो. तो उमटला. लख्ख उमटला. १९२१ मध्ये चंद्रशेखर रामन यांनी वीणा आणि तानपुऱ्यावर लिहिलं ते हेच: न येणारे स्वर इथं येतात आणि ते घोडीच्या वक्र माथ्यामुळं येतात. तार हलताना त्या माथ्यावर क्षणभर टेकते, उठते, पुन्हा टेकते. त्यात एका स्वराची ताकद दुसऱ्याकडं जाते. खाच पडली की तार त्या खाचेत बसून राहते, टेकणं-उठणं संपतं, आणि ‘टण्ण’. दोरा तेवढ्यासाठी, टेकण्याची जागा केसानं पुढंमागं करायला.

मी चाचांना म्हणालो, ‘‘हायड्रोजनला जवारी नसते.’’ ते म्हणाले, ‘‘होय काय,’’ आणि पंचमाची तार उतरवायला घेतली.

चुंबकाचं प्रकरण वेगळं आहे, आणि मला विचाराल तर जास्त देखणं. पीटर झीमान यांनी १८९६ मध्ये लायडेनला चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडियमची ज्योत धरली, म्हणजे उतू गेलेली आमटीच जवळजवळ, आणि पिवळ्या रेषा रुंदावलेल्या पाहिल्या. पण साध्या अणूवर चुंबकाची ती नुसती टिचकी असते. अणूच्या आतल्या ओढीशी बरोबरी करायला २ लाख ३५ हजार टेस्ला लागतील. मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातला एमआरआय दीड टेस्लाचा असतो. इथं पुन्हा एन कामाला येतो. केंद्राभोवतीच्या एका फेरीला लागणारा वेळ एनच्या घनानं वाढतो, चुंबकात गोल फिरण्याचा वेळ मात्र तेवढाच राहतो. दीड टेस्लाला दोन्ही वेळा एन ५४ च्या आसपास सारख्या होतात, साधारण २४ पिकोसेकंद. म्हणजे एमआरआयच्या बोगद्यात असा एखादा अणू ठेवला, तर त्याच्या इलेक्ट्रॉनला धनी दोन, आणि दोघांचं वजन सारखं.

हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथं मी लहानपणी तासन् तास बसायचो. एक नदी दांडगी आणि दुसरी अंग आखडलेली असेल तर बघण्यासारखं काही नसतं. दोघी भरून आल्या की मधल्या पट्ट्यात भोवरे सुटतात, आणि टाकलेलं पान कुठं जाईल ते सांगता येत नाही. या इलेक्ट्रॉनचं तसंच होतं. न्यूटनच्या नियमांनी त्याची वाट काढायला जावं तर ती कोलमडते, सुरुवातीचा केसभर फरक पुढं कुठल्या कुठं जातो.

गार्टन आणि टॉमकिन्स यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत बेरियमची वाफ अडीच टेस्लाच्या जरा आतल्या क्षेत्रात ठेवून वर्णपट घेतला. इलेक्ट्रॉन जिथं अणूतून सुटतं त्या सीमेपलीकडं वर्णपट सपाट असायला हवा. सुटलेल्याला कसल्या पायऱ्या? पण पलीकडंही एकसारखे उंचवटे दिसत राहिले. सीमेपाशी त्यांच्यातलं अंतर मोकळ्या इलेक्ट्रॉनला चुंबकात मिळावं त्याच्या बरोबर दीडपट. दीडपटच का? एडमंड्स यांनी पुढच्या वर्षी उलगडा केला. क्षेत्राला काटकोनात निघालेलं इलेक्ट्रॉन चुंबकामुळं वळतं, केंद्राच्या ओढीमुळं जरा लवकर वळतं, आणि मोकळ्या फेरीच्या दोन तृतीयांश वेळात निघाल्या जागी परत येतं. वेळ दोन तृतीयांश, म्हणून अंतर दीडपट. सुटलेलंसुद्धा एकदा घरी डोकावून जात होतं, आणि उंचवटा म्हणजे त्या डोकावण्याची खूण.

जर्मनीत बीलेफेल्डला वेल्गे यांच्या गटानं १९८६ मध्ये हायड्रोजनवर जास्त बारीक मोजमाप केलं. तो वर्णपट पाहिला तर केरसुणीच्या काड्या; काही अर्थ लागत नाही. पण कान जसा तानपुऱ्याच्या गुंजनातून एकेक स्वर वेगळा काढतो तसं त्या काड्यांचं गणितानं पृथक्करण केलं, आणि स्वच्छ शिखरं वर आली. प्रत्येक शिखर म्हणजे केंद्रातून निघून केंद्रात परतणारी एक वाट, शिखराची जागा म्हणजे परतायला लागलेला वेळ. नंतर डू आणि डेलोस यांनी ते सिद्धांतात बसवलं. आणि हायड्रोजनच्या जागी गाभा असलेला अणू घेतला की त्यात जादा शिखरं उगवतात. एका वाटेनं परतलेलं इलेक्ट्रॉन गाभ्यावर आपटून दुसऱ्या वाटेनं निघतं, दोन्ही वाटांची बेरीज वर्णपटात दिसते. पुन्हा घोडीच!

आज या अणूंपासून क्वांटम संगणक बनवतात, रेडिओलहरी मोजायची यंत्रं बनवतात. चांगलंच आहे, मला त्यात तेवढी गोडी नाही. त्यापेक्षा मला युक्रेनमधल्या खारकिवजवळच्या दुर्बिणीनं पकडलेले कार्बनचे अणू आठवतात. आकाशात एका विस्फोटलेल्या ताऱ्याच्या अवशेषासमोरच्या विरळ वायूत एन १००० च्या पलीकडचे, म्हणजे एकेक अणू मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, कागदाच्या जाडीएवढा. तिथं त्यांना धक्का मारायला फारसं कुणी नाही.

अंधार पडता पडता घरी आलो. आईनं गोधडी स्वतः सोडली. एक तार छेडली, थांबली, दुसरी छेडली. ‘‘चांगलं केलंय,’’ ती म्हणाली, ‘‘पण खर्जाचा दोरा अंमळ पुढं गेलाय.’’

‘‘रिक्षात हलला असेल.’’

‘‘काय रे, वाटेत एवढा काय विचार करत होतास? चेहरा तसाच आहे अजून.’’

मी दोन-तीन वाक्यांत अणू, गाभा आणि घोडी सांगून टाकलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं, निदान तसं दाखवलं. मग म्हणाली, ‘‘आणि खुंटी?’’

‘‘खुंटी म्हणजे व्होल्टेज. ते आपण बाहेरून पिळायचं.’’

‘‘मग बरं आहे. खुंटी कुणालाही पिळता येते.’’ तिनं गाल तानपुऱ्याच्या दांडीला टेकवला, ऐकू येणाऱ्या बाजूचा, आणि नखानं खर्जाचा दोरा मागं ढकलला. नाही. परत पुढं. नाही. तिचा डावा हात भोपळ्यावर सपाट होता. कानांना जे पोचत नाही ते ती हल्ली तळहातानं घेते. चौथ्या-पाचव्या खेपेला खर्ज एकदम उघडला आणि फडताळातलं स्टीलचं झाकण त्याच्याबरोबर थरथरायला लागलं. ‘‘हां,’’ म्हणून ती जोडीकडं वळली. स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली, तिच्या हिशेबात दुसरी, तेव्हा मी उठलो.